उजवा नव्हे, डावा

शिंपी

दिवाळीनंतर मी आगाशीच्या शिंप्याशी भांडले. नवा ब्लाउज डाव्या काखेत काचत होता. "इतकी वर्षं माझे ब्लाउज शिवतोस आणि अजून माप घेता येत नाही?" असं चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं. तो म्हणाला, "काकू, माप तेच आहे. वहीत बघा." मी वही बघितली नाही. ब्लाउज त्याच्या मशीनवर टाकला आणि घरी आले.

माप तेच होतं. गाठ वाढली होती.

ती हाताला लागते हे मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू, श्रावणापासून लागत होती. दुखत नव्हती म्हणून मी तिच्या वाटेला गेले नाही. आमची केळीची वाडी आहे. पावसाळा संपला की राजेळी केळ्यांची सुकेळी करायची गडबड सुरू होते. गाठ आज आहे तशी उद्याही असेल, असं मनाशी म्हणत मी तीन महिने काढले. मी एकाहत्तर वर्षांची बाई, चौथीपर्यंत शिकलेली, पण अडाणी नाही. तरी हा अडाणीपणा केला. तुम्ही करू नका. या लिखाणात शहाणपणाचं सांगण्यासारखं तेवढंच आहे. बाकीचं माझ्या मत्सराबद्दल आहे.

निदानाचा दिवस

शिंप्याचा किस्सा मी घरी हसत सांगितला. सून कविता हसली नाही. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाली, "आई, दाखवा." तिने हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी आम्ही वसईच्या हॉस्पिटलात गेलो. तपासण्या झाल्या, तुकडा काढून नेला, आणि आठ दिवसांनी परत बोलावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. ती माझ्या मुलाकडे, प्रशांतकडे बघून अर्ध्या इंग्रजीत बोलत होती. मी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हटलं, "डॉक्टर, गाठ त्याच्या अंगात नाही."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "आजी, कॅन्सर आहे. ऑपरेशन करावं लागेल. मग सहा केमो."

"मरेन का?"

"लगेच नाही. उपचार नीट घेतलेत तर बरीच वर्षं नाही."

असं सरळ बोलणारं माणूस मला आवडतं. त्या क्षणी मला काय वाटलं असं बायका विचारतात. मला वाटलं की घरी केळ्यांचे तीन लोंगर, म्हणजे अख्खे घड, पिकायला लावलेत, आज उघडले नाहीत तर काळे पडतील. भीती नंतर आली, गाडीत बसल्यावर. तोवर प्रशांत बाहेर जाऊन रडून आला होता आणि तोंड धुऊन आलो असं दाखवत होता. कविता डॉक्टरीणबाईला एकेक प्रश्न विचारून कागदावर लिहीत होती.

घरी पोचल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "वैशालीला कळता कामा नये. सांगाल तर मी ऑपरेशनला जाणार नाही."

वैशाली माझी धाकटी. अकरा वर्षं झाली, नवऱ्याबरोबर स्वीडनला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. प्रशांत म्हणाला, "अगं, ती ओरडेल आम्हाला." मी म्हटलं, "ओरडू दे." कारण मी सांगितलं नाही. ते असं, की कळलं तर ती येणार, आणि दोन-चार आठवड्यांनी परत जाणार. हे गेले तेव्हा ती अशीच आली होती आणि तेराव्यानंतर गेली. तिची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा माझं जे झालं ते मला पुन्हा नको होतं. त्यापेक्षा कापून घेणं बरं.

हात

मार्गशीर्षात ऑपरेशन झालं. छाती डाव्या बाजूला सपाट झाली. त्याचं मला फार वाटलं नाही. दोन मुलं पाजून झाली होती. पण काखेतलंही काढलं होतं, आणि डावा हात खांद्याच्या वर जाईना. पाण्याचा तांब्या धरला तर थरथरत होता. हाताचं मला वाटलं.

बगलेतून एक नळी काढून तिला डबी लावली होती. ती डबी कविता रोज रिकामी करायची, किती भरली ते मोजून लिहायची. रजा संपल्या तशी तिने बिनपगारी घेतली. त्यावरून प्रशांतशी तिची भांडणं झाली, तीही मी ऐकली. "तुमची आई आहे, तुम्हीही एक दिवस घ्या ना!" ती स्वयंपाकघरात म्हणाली. तिचं खरं होतं. मी मात्र पलंगावरून मुलाची बाजू घेतली. कविताला मी कधी बरं म्हटलेलं नाही. आमच्या घरात सुनेला तोंडावर बरं म्हणायची पद्धत नाही. इथे लिहून ठेवते.

पौषात सुकेळी तयार झाली. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि सात-आठ दिवस उन्हात वाळवायची. मधासारखा रंग येतो. मग ती एकावर एक रचून केळीच्या सुक्या पानात गुंडाळायची आणि सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या सुक्या सालीच्या, दोरीने बांधायची. वैशालीला दरवर्षी एक पुडा जातो. अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. यंदा कविताच्या माहेरच्या, फुलपाड्याच्या इमारतीतलं एक जोडपं तिकडे जाणार होतं.

"आई, मी बांधते. तुम्ही नुसतं सांगा," कविता म्हणाली.

"तुझी बांधणी तिला कळेल."

"कळू दे ना. म्हणावं, आईचा हात दुखतो."

"तू मूळची साताऱ्याची. तुला नाही कळायचं. सरक."

मीच बांधला. आधी मधला वेढा, मग कडेचे दोन. घाम फुटला. पण बांधला आणि पाठवला. वाटलं, जिंकले.

खुर्ची

केमोची खोली लांबट होती. भिंतीला ओळीने खुर्च्या, प्रत्येकीशेजारी सलाईन. सकाळी नऊला सुई लागली की दुपारी तीनपर्यंत बसायचं. सुई उजव्याच हाताला. डाव्याला आता सुई नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही, बांगड्या नाहीत. पहिल्या वेळी मी भिंतीकडे बघत बसले. घरी येऊन तीन दिवस ओकले. तोंडाला पितळेची चव. आंबट वरणाचा वाससुद्धा नको. फक्त पेज आणि मिठातलं आवळ्याचं पाणी पोटात राहायचं. ज्यांना हे चाललंय त्यांनी करून बघा. मला लागू पडलं.

दुसऱ्या वेळी शेजारच्या खुर्चीत आचोळ्याची सुरेखा होती. वय चाळीस, जीभ माझ्यापेक्षा धारदार. मी सारखी "किती वाजले" विचारत होते, म्हणून ती म्हणाली, "आजी, घड्याळ बघून थेंब भरभर पडत नाहीत. काहीतरी वाचा."

कविताने तिचा फोन काढला. जरा घुटमळली आणि म्हणाली, "वैशालीताई लिहितात ते वाचणार?"

"काय लिहिते?"

"ब्लॉग. इंटरनेटवर. नऊ वर्षं झाली."

ब्लॉग म्हणजे सगळ्यांना दिसेल अशी वही. लिहिणारी लिहिते आणि वाचणाऱ्या खाली आपलं म्हणणं लिहितात. वैशालीच्या वहीचं नाव "वाडीबाहेर". नऊ वर्षं माझी मुलगी जगाला काहीबाही सांगत होती, माझी सून ते वाचत होती, आणि मला रोज संध्याकाळी फोनवर "काय जेवलीस" एवढंच विचारलं जात होतं. मी कवितावर भडकले. ती म्हणाली, "ताईंनी सांगितलं होतं, आईला दाखवू नको." मी म्हटलं, "मग आता का दाखवतेस?" ती म्हणाली, "तुम्ही त्यांना काही सांगत नाही, त्या तुम्हाला काही सांगत नाहीत. दोघींच्या मधे मीच फुटायची राहिलेय."

मी फोन घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मला वाचता येतं, पण ओळीखाली बोट लागतं.

पहिल्या पानावर हिवाळा. दुपारी तीनला काळोख पडतो. इमारतीत कोणी कोणाशी बोलत नाही. दुकानात केळी घ्यायला गेले आणि फणी नाकाशी धरून उभी राहिले. त्यांना वासच नव्हता. असं तिने लिहिलं होतं. त्याच महिन्यात ती मला फोनवर म्हणाली होती, "मजेत आहे गं, बर्फ काय सुंदर दिसतो."

त्या पानाखाली एका बाईने लिहिलं होतं, "पडदे उघडे ठेव. सकाळी अर्धा तास बाहेर चाल, चेहरा गारठला तरी. नंबर दे, उद्या फोन करते. सुमन."

ही सुमन.

मी चाळत गेले. ती पुढच्या प्रत्येक पानाखाली होती. अमरावतीकडची, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान, स्वीडनमध्येच दोन तासांच्या अंतरावर राहणारी. आधी नुसतं लिहिलं, मग फोन, मग रविवारी जेवायला. तिच्यामागून आणखी सात-आठ जणी आल्या. कोणी जर्मनीत, कोणी दुबईत, एक तर नालासोपाऱ्याचीच निघाली. त्या सगळ्या एकमेकींना वाढदिवसाला काय काय पाठवत होत्या. एका पानावर वैशालीने लिहिलं होतं, "आज सुमनताईंनी माझ्या डोक्याला तेल लावलं. किती वर्षांनी कोणीतरी माझे केस विंचरले."

ते केस दहावीपर्यंत मी विंचरले. उवा मी काढल्या.

"आजी," सुरेखा म्हणाली, "कोणाला शिव्या देताय?"

मी मोठ्याने बोलत होते हे मला कळलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी काय बोलत होते

तिसऱ्या केमोपर्यंत केस गेले होते. उशीवर पुंजके दिसायला लागल्यावर मी प्रशांतला मशीन फिरवायला लावलं. त्याने पहिलाच पट्टा वाकडा काढला. "कान कापशील," मी म्हटलं, तेव्हा तो हसला आणि मग नीट केलं.

पहिल्या दोन केमोंना मला ओढून न्यावं लागलं होतं. तिसऱ्याला मी सातलाच तयार होऊन ओटीवर बसले. प्रशांत खूश झाला, आईने धीर धरला म्हणाला. धीर कसला. मला पुढचं वाचायचं होतं. कविता घरी फोन द्यायची नाही, "खुर्चीतच वाचा" म्हणायची. ती बाई आणखी काय काय करते ते बघायला मी गेले. पोटात आग होती. ती आग केमोच्या ओकाऱ्यांपेक्षा बरी होती. निदान तिने माणूस ताठ बसतो.

त्या दिवशी मी सहा वर्षांपूर्वीच्या पानावर पोचले. वैशालीचं पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगी होती.

मला ठाऊक नव्हतं. दिवस राहिले होते हेही ठाऊक नव्हतं. सहावा लागल्यावर आईला सांगणार होते, असं तिने लिहिलं होतं. जावई कामासाठी दुसऱ्या देशात होता. सुमन पहिल्या गाडीने आली, चार दिवस राहिली, आणि वैशालीजवळ जमिनीवर अंथरूण घालून झोपली.

मी पानावरची तारीख बघितली. तो आठवडा मला आठवतो, कारण तेव्हा वादळी वाऱ्याने आमच्या वाडीतल्या दीडशे केळी आडव्या झाल्या होत्या. मी तिला फोनवर अर्धा तास तेच सांगत होते. कुठली केळ कशी मोडली ते एकेक. ती "हो का", "अरेरे" म्हणत होती. फोन ठेवताना मीच म्हटलं होतं, "तुझं बरंय बाई, तुला कसली काळजी."

डोळ्यांना पाणी वगैरे आलं नाही. मी कविताला म्हटलं, "तुला हे माहीत होतं."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"तुमच्या गाठीबद्दलही गप्पच बसलेय ना, आई?"



पुड्याचं पोट

चौथ्या केमोला, फाल्गुनात, मी अलीकडच्या पानांवर आले. एक पान उघडलं आणि आमचा पुडा दिसला. माझा. त्याचा फोटो.

वैशालीने लिहिलं होतं, "आईने बांधलेला पुडा म्हणजे दगड. विमानातून येऊनही आत काही हलत नाही. यंदा हातात घेतला आणि आतलं केळं हललं. बांधणी आईचीच आहे. पान तिनेच दुमडलंय, मधला वेढा आधी घातलाय. पण मध्ये पोट सुटलंय. बांधणी तिची आहे, जोर तिचा नाही. मी विचारलं तर म्हणाली, दोरी ओली होती. आई खोटं बोलतेय. काय झालं असेल?"

खाली बायकांनी लिहिलं होतं. सांधेदुखी असेल. वय झालं. लकवा तर नाही ना, बघ. आणि मग सुमन: "मी घाबरवत नाही, पण तुला ठाऊक आहे माझं नऊ वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं होतं. माझाही हात असाच गेला होता. बांधायचा हात म्हणजे उजवा. त्या उजवा हात जपून वापरतात का, पदर कसा घेतात, ते व्हिडिओवर बघ. सांगायचं की नाही ते त्यांच्यावर सोड. त्या सांगतील तेव्हा तू तयार राहा."

त्याखाली वैशाली: "दोन आठवडे बघतेय. कॅमेरा फक्त तोंडावर धरते आणि डोक्यावरून पदर. पूर्वी कधी घ्यायची नाही. मी विचारणार नाही. ती सांगेल."

म्हणजे माझ्या मुलीला ठाऊक होतं. नालासोपाऱ्याच्या बाईला ठाऊक होतं, दुबईच्या बाईला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी मी "बरी आहे" म्हणत होते आणि ती "बरं" म्हणत होती. आणि हे ओळखलं कोणी? जिने मला कधी पाहिलं नाही तिने. माझ्या पुड्यावरून.

पण एक गोष्ट तिने चुकीची लिहिली होती. ती मला दिसली, आणि इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

"कविता," मी म्हटलं, "यात खाली लिहितात कसं?"

तिने दाखवलं. जोडाक्षरं येईनात, तिथे तिने मदत केली. पाऊण तास गेला. सुरेखा मान वाकडी करून वाचत होती आणि "हाणा आजी" म्हणत होती. मी लिहिलं:

"मी वैशालीची आई. सुमनबाई, तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. उजवा नव्हे, डावा. पुडा डाव्या हाताने दाबून धरतात आणि उजव्याने वेढा घालतात. दाबणारा हात गेला की पोट सुटतं. ज्याने कधी सुकेळी बांधली नाही त्याने हात सांगू नये. वैशाली, चौथा केमो चालू आहे. दोन राहिले."

दहा मिनिटांत फोन वाजला.

"आई."

"हं."

"डावा?"

"डावा."

मग म्हणाली, "सोबत कोण आहे?"

"कविता."

"मी येते."

"तुझ्या सुमनताईला विचारून ये," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"तिनेच तिकीट बघून ठेवलंय," वैशाली म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन कविताच्या हातात दिला.

भात

चैत्रात ती आली. चार आठवड्यांसाठी. फाटकातून आत आली, माझ्या डोक्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगदी बाबांसारखी दिसतेस." मी म्हटलं, "त्यांना निदान कानांवर होते." असं आमचं पहिलं बोलणं झालं. मिठी वगैरे आम्ही मारत नाही. तिने माझा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही, तेवढंच.

पाचव्या केमोला ती माझ्याबरोबर आली. सुरेखाने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "अच्छा, ही ती," म्हणाली. घरी आल्यावर वैशालीने माझं ओकलेलं धुतलं. पेज करून दिली. सगळं बरं चाललं होतं. तरी रोज दुपारी ती ओटीवर बसून सुमनला फोन लावायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. "जेवलीस का गं?" तिकडून आवाज यायचा. *गं*. वैशाली तिला माझा ताप सांगायची, माझी जीभ सोलली ते सांगायची. ती तिकडून बर्फाचा तुकडा चोखायला सांगायची. बर्फ उपयोगी पडला. याचाही मला राग आला.

एक दिवस मी ओटीवर गेले आणि तिच्यासमोर बसले.

"ती तुझी आई आहे का?"

"आई, काय बोलतेस?"

"विचारते. मुलगी गेली तेव्हा तिला बोलावलंस. मला सांगितलंसुद्धा नाहीस."

तिला मी वाचलंय हे कविताकडून कळलं होतं. तिने मान खाली घातली नाही. माझ्यावर गेली आहे. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? खरं सांग."

मी विचार केला. खरं सांग म्हटल्यावर खरंच सांगायला हवं. "म्हटलं असतं, रडू नको, दुसरं होईल."

"म्हणून नाही सांगितलं."

"मग काय म्हणायचं असतं अशा वेळी? तिने काय म्हटलं?"

"काही नाही. सुमनताई काहीच बोलली नाही. आली, चप्पल काढली आणि भात टाकला."

"भात मलाही येतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. मीही विनोद केला नव्हता. थोड्या वेळाने मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि उजव्या हाताने तांदूळ धुतले. कविता "आई, मी करते" म्हणत आली, तिला हाताने थांबवलं. वैशाली आत येऊन पाटावर बसली. मऊ भात, तूप आणि मीठ. मी काही बोलले नाही. तिने ताटातला सगळा संपवला आणि म्हणाली, "तिचं नाव ठेवलं होतं, आई." मी विचारलं, "काय?" तिने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. जगातल्या बाकीच्या गोष्टी त्या ब्लॉगवरच्या बायकांना ठाऊक आहेत, एक माझ्याकडे राहू दे.

भिंत

हॉस्पिटलातल्या बाईने हाताचा व्यायाम शिकवला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. जिथे थांबतील तिथे पेन्सिलने खूण. मी तो चुकवत होते, दुखायचं. आता वैशालीच्या परतीचे दिवस भरत आले. ऊन कडक होतं, थोडी राजेळी हाताशी होती, कविताने वाळवली. वैशालीने सैल पुडा न्यावा हे मला चालणार नव्हतं. म्हणून रोज तीनदा भिंतीपाशी जाऊ लागले. पहिली खूण माझ्या हनुवटीच्या समोर होती. सहावा केमो झाला तेव्हा कपाळाच्या वर गेली.

निघायच्या आदल्या दिवशी मी पाटावर बसले. सुकेळी थोडीच होती.

"आई," वैशाली म्हणाली, "एक सुमनताईला?"

"एका पुड्यापुरतीच आहेत."

तिने कविताकडे बघितलं. दोघी अशा गप्प बसल्या की मला ते सोसेना. "आण गं आणखी एक पान," मी कविताला म्हटलं.

वैशालीचा पुडा आधी बांधला. सगळा जोर त्यात घातला. दगड झाला. तिने हलवून बघितला आणि नाकाला लावला. मग दुसरा बांधला, लहान. तोवर हात थकला होता. मुद्दाम सैल ठेवला असं नाही. थोडं मुद्दाम असेल.

ती गेली तेव्हा व्हायचं ते झालंच. फाटकाशी मी उभी राहू शकले नाही, आत येऊन पडले. पण त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा मी "बरी आहे" म्हटलं नाही. "वाईट वाटतंय" म्हटलं. ती म्हणाली, "मलाही." हे शब्द तोंडातून काढणं केमोपेक्षा अवघड होतं. ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी सवय करून घ्यावी.

दहा-बारा दिवसांनी त्या वहीत सुमनबाईने मला उद्देशून लिहिलं: "सुकेळी मिळाली. मी अर्धी एका बैठकीत खाल्ली. आई, राग मानू नका, पण पुडा मध्ये सैल आहे. डावा हात अजून भरला नाही. भिंतीचा व्यायाम रोज होतो ना? मी नऊ वर्षं करतेय, अजून करते."

मी ते वाचलं, उठले आणि भिंतीपाशी गेले.

हे लिहायला वैशालीने मला कागदाची कोरी वही पाठवली होती; खुर्चीत बसलेल्या बायकांना उपयोग होईल म्हणाली. मी हाताने लिहिलं, तिने तिच्या ब्लॉगवर छापलं. एक अक्षर बदलायचं नाही असं बजावलंय. डॉक्टरीणबाई म्हणते सध्या सगळं साफ आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. सुरेखाचे दोन राहिलेत, मी तिच्याशेजारी बसायला जाते. डोक्यावर करड्या केसांची लव आली आहे.

भिंतीवरची खूण आता दाराच्या चौकटीच्या वर गेली. कार्तिकात राजेळी उतरेल. यंदा सुमनबाईचा पुडा मी आधी बांधणार आहे, हात ताजा असताना. मग बघू, तिला कुठे सैल सापडतो.